रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता जरा घराबाहेर पडा

"डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मला बरं का वाटत नाही?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारा बहुतेक वेळा साठीच्या आसपासचा असतो. हातात फाईल असते आणि फाईलमध्ये ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, बी-१२, झालंच तर पोटाची सोनोग्राफी. कागद सगळे व्यवस्थित, माणूस मात्र नाही.

असेच एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत) माझ्याकडे चार-पाच महिने येत होते. चाकणच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. चिंचवडमध्ये स्वतःचा फ्लॅट, कर्ज फिटलेलं, मुलगा बंगळूरला. तक्रारी अशा : सकाळी छातीत धडधड, अधूनमधून गरगरल्यासारखं होणं, भूक नाही, रात्री तीनला जाग. मी एकेक तपासणी केली. बीपी थोडं जास्त होतं, त्याची गोळी सुरू केली. बाकी काही सापडेना. पाचव्या भेटीत मी सहज विचारलं, "काका, काल दिवसभरात तुम्ही कोणाकोणाशी बोललात?"

ते विचारात पडले. म्हणाले, "हिच्याशी. आणि दूधवाल्याशी."

शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "दूधवाल्याशी मीच बोलते."

हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. पाचव्या भेटीपर्यंत थांबलो ही माझी चूक. एमडी करताना आम्हाला रुग्णाचा इतिहास घ्यायला शिकवतात. तंबाखू, दारू, घरातले आजार, ॲलर्जी, सगळं विचारायचं. "तुमचा दिवस कसा जातो?" हा प्रश्न त्या यादीत असला तरी गर्दीच्या ओपीडीत तो पहिल्यांदा गळतो. म्हणून आजचा लेख गोळ्यांवर नाही. आपल्याच शहरात घराबाहेर पडून चार माणसांत रमणं या विषयावर आहे. मी त्याला करमणूक मानत नाही, प्रकृतीचा भाग मानतो. माझं हे मत पटतं का, ते वाचून ठरवा.

उद्योगनगरीचं दुखणं

आपलं शहर काही शतकं हळूहळू वाढलेलं नाही, ते कारखान्यांभोवती उभं राहिलं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. भारतात तयार झालेलं पेनिसिलिन आपल्या पिंपरीतून देशभर गेलं, याचा मला डॉक्टर म्हणून आजही अभिमान वाटतो. पुढे वाहन उद्योग आला, त्याच्यामागे सुटे भाग बनवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने आले आणि नंतर चाकणचा पट्टा वाढला. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १० लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली.

याचा अर्थ काय? आपल्यापैकी बहुतेक जण, किंवा आपले आई-वडील, दुसरीकडून इथे आले. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण आणि आता तर सगळा देश. माणसं कामासाठी आली. ओळखी झाल्या त्या कंपनीत, कंपनीच्या बसमध्ये, कँटीनमध्ये. पस्तीस वर्षं फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट असं चक्र चाललं. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी एके दिवशी हार-नारळ झाला, फोटो झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली नाही. त्या बसबरोबर चाळीस माणसांशी रोज होणारं बोलणंही बंद झालं.

गावी माणूस म्हातारा झाला तरी पारावर त्याची जागा असते. इथे पार नाही. तो आपणच बांधावा लागतो, आणि तो निवृत्तीच्या आधी बांधायला घेतला तर बरा.

हे फक्त निवृत्तांचं दुखणं नाही. लग्न होऊन वाकडला किंवा मोशीला आलेली मुलगी, जिचं माहेर लातूरला आहे आणि नवरा बारा तास बाहेर. घरून काम करणारा तिशीतला आयटीवाला, ज्याचं दोन दिवसांत जिन्याखाली उतरणंच होत नाही. नातवंडं सांभाळायला गावाहून आणलेली आजी, जिला लिफ्टची भीती वाटते. हे सगळे माझ्या ओपीडीत येतात. तक्रार डोकेदुखीची असते, पित्ताची असते, अंगदुखीची असते.

विज्ञान काय सांगतं आणि काय सांगत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध जोडता येतो. त्याआधी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून, तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली होती. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

छंदांचं काय? १६ देशांतल्या ६५ वर्षांवरच्या ९३ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना काही ना काही छंद होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती आणि आयुष्याबद्दलचं समाधान जास्त होतं. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांवर १४ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. नाटक, संगीताचे कार्यक्रम, संग्रहालयं, प्रदर्शनं इथे वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळला. दर दोन-चार महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये तो ३१ टक्क्यांनी कमी होता.

आता जरा थांबा. हे आकडे वाचून "नाटक पाहिलं की आयुष्य वाढतं" असा मेसेज कोणी ग्रुपवर टाकू नका. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. ज्याचे गुडघे चांगले, खिशात चार पैसे आणि सोबत कोणी आहे, तोच नाटकाला जातो. म्हणजे तो आधीच निरोगी असू शकतो. संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, आधीचे आजार यांचा हिशेब मांडून पाहिला, तरी फरक उरलाच. पण हिशेबात न आलेलं काही असू शकतं. म्हणून मी एवढंच म्हणतो की पुरावा भरवशाचा वाटावा इतका आहे, हमी द्यावी इतका नाही. तोटा जवळपास शून्य आणि फायद्याची बरीच शक्यता, असं औषध डॉक्टरच्या हाती वारंवार येत नाही.

परदेशात तर डॉक्टर हे चिठ्ठीवर लिहू लागले आहेत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णाला बागकाम, गायनगट, चालण्याचा गट अशा ठिकाणी जोडून देणारी माणसं नेमलेली असतात. कॅनडातल्या माँट्रियल शहरात २०१८ पासून डॉक्टरांना रुग्णासाठी कलासंग्रहालयाची मोफत भेट लिहून देता येऊ लागली. आपल्याकडे अशी सोय नाही. पण चिठ्ठी लिहायला मला कोणी अडवलेलं नाही.

"पण आपल्याकडे आहेच काय?"

हे वाक्य मी फार ऐकतो. "काही बघायचं-ऐकायचं असेल तर पुण्यात जावं लागतं, डॉक्टर." मला हे पटत नाही.

चिंचवडगावात पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. "गणपती बाप्पा मोरया" यातला मोरया तो हाच, असं परंपरा सांगते. मार्गशीर्षातला समाधी महोत्सव आपल्या दारात होतो. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी इथून मोरगावला जाते. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. लोक लांबून बसने हे बघायला येतात आणि आपण त्या दिवशी रस्ता बंद आहे म्हणून वैतागतो.

नाटक पाहायचं तर चिंचवडचं प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, संत तुकारामनगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे, पिंपळे गुरवचं निळू फुले नाट्यगृह आहे, प्राधिकरणातलं गदिमा नाट्यगृह आहे. २०१६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात झालं, आणि शंभरावं नाट्य संमेलन जानेवारी २०२४ मध्ये इथेच भरलं. संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल, पेशाने बालरोगतज्ज्ञ. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. डॉक्टर आणि रंगभूमी यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे, तेव्हा मी नाटकाची शिफारस केली तर नवल नाही!

नाटक नको? ऑटो क्लस्टरजवळचं सायन्स पार्क आणि तारांगण नातवंडांना घेऊन बघा. निगडीच्या दुर्गा टेकडीवर सकाळी जा. गुडघे साथ देत असतील तर रविवारी घोराडेश्वर चढा, वर लेणी आहेत. भक्ती-शक्ती शिल्पाजवळ संध्याकाळी नुसते बसा. पावसाळ्यात ढोल-ताशाचा सराव चालतो तिथे उभे राहा (थोडं लांब, का ते पुढे सांगतो). सोसायटीच्या गणपतीत वर्गणी देऊन मोकळं होण्यापेक्षा एखादं काम अंगावर घ्या. आता मेट्रोही आहे. पुण्यातला कार्यक्रमच पाहायचा असेल, तर पिंपरीहून तासाभराच्या ट्रॅफिकची सबब पूर्वीइतकी चालणार नाही.

आणि ऑटो क्लस्टर म्हटलं की मला दुसरंच आठवतं. कोरोनात तिथे रुग्णालय होतं, रांगेने खाटा होत्या. आज त्या आवारात प्रदर्शनं भरतात, लोक पिशव्या घेऊन हिंडतात, पोरं आइस्क्रीम खातात. त्या गर्दीत उभं राहिलं की मला बरं वाटतं. त्या दोन वर्षांत आपण काय गमावलं होतं, हे तिथे समजतं.

एका नाटकात शरीर किती काम करतं बघा

तिकीट काढायचं म्हणजे तारीख लक्षात ठेवायची. मेंदूला पुढची वाट बघायला काहीतरी मिळतं. नैराश्यात नेमकं हेच हरवतं. त्या दिवशी दाढी होते, इस्त्रीचे कपडे निघतात. स्टँडपर्यंत चालणं होतं, जिना चढणं होतं. दोन-अडीच तास गोष्टीचा धागा पकडून ठेवायचा, पात्रं लक्षात ठेवायची, म्हणजे एकाग्रता आणि स्मरणशक्ती दोन्ही कामाला लागतात. चारशे माणसांबरोबर एकाच वेळी हसायचं. मध्यंतरात वडा खाताना अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची. घरी येताना "दुसऱ्या अंकात जरा लांबलं नाही का?" यावर नवरा-बायकोत चर्चा. कित्येक घरांत औषधाच्या वेळा सोडून झालेलं आठवड्यातलं ते पहिलं संभाषण असतं.

मोबाइलवर तेच नाटक पाहिलं तर? पाहा की. पण वरच्या यादीतलं काय-काय त्यात होतं, ते मोजून बघा.

लोक घरात का बसतात? याची वैद्यकीय कारणं

आता डॉक्टर म्हणून सर्वात महत्त्वाचं. "मला आता कुठे जावंसं वाटत नाही" असं म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांना खरं तर जावंसं वाटतं. जाता येत नाही, आणि कारण सांगायला लाज वाटते. मी नेहमी पाहतो ती कारणं अशी :

लघवी. हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे आणि कोणी बोलत नाही. पुरुषांना प्रोस्टेटमुळे वारंवार जावं लागतं. बायकांना खोकताना, शिंकताना, हसताना थेंब सुटतो, म्हणून त्या भजनी मंडळ सोडतात, सहल टाळतात. घरात सांगतात, "कंटाळा आला." प्रोस्टेटवर चांगली औषधं आहेत. बायकांच्या या त्रासात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नियमाने केले तर पुष्कळ फरक पडतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर बाहेर जायच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका, बंद तर नकोच.

कान. ऐकू कमी आलं की माणूस आधी नाटक सोडतो, मग कट्टा, मग फोन. घरचे म्हणतात, "हल्ली हे चिडचिडे झालेत." जगभरातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्यासारखे १४ धोके सांगितले. त्यात ऐकू कमी येणं आहे, दुरुस्त न केलेली कमी दृष्टी आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. म्हणजे बहिरेपणाकडे दुर्लक्ष केलं की एकातून दुसरा धोका तयार होतो. आधी कानातला मळ तपासा, मग श्रवणचाचणी करा. यंत्र लागलं तर चष्म्यासारखं वापरा.

डोळे. मोतीबिंदूमुळे समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, म्हणून संध्याकाळनंतर बाहेर पडणं बंद होतं. ऑपरेशन "पिकल्यावर" करायचं हा समज जुना झाला. रोजची कामं अडायला लागली की तीच वेळ.

गुडघे आणि तोल. पडण्याची भीती माणसाला पडण्याआधीच घरात बसवते, आणि घरात बसल्याने स्नायू आणखी कमजोर होतात. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, हातात काठी, पायात पकड असलेले बूट. काठीची लाज वाटू देऊ नका.

शुगर कमी होण्याची भीती. इन्सुलिन किंवा काही जुन्या पद्धतीच्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवण लांबलं की घाम येतो, हात कापतात. खिशात साखर ठेवा, कार्यक्रमाआधी थोडं खाऊन निघा, आणि हे वारंवार होत असेल तर औषध बदलण्याबद्दल बोला.

यातलं एक जरी कारण तुमचं असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. "बाहेर जाता येत नाही" ही तक्रार ताप-खोकल्याइतकीच खरी आहे.

शहराकडून काय मागायचं

इथपर्यंत मी तुम्हाला सांगितलं. आता थोडं शहराबद्दल.

वरची यादी पुन्हा वाचा. चालण्यासारखा फूटपाथ, दर दोनशे पावलांवर टेकायला बाक, जिन्याला कठडा, नाट्यगृहात रॅम्प, आणि स्वच्छ, उघडं असलेलं सार्वजनिक स्वच्छतागृह. माझ्या दृष्टीने या सोयी सुशोभीकरणात मोडत नाहीत, त्या आरोग्यसेवेतच मोडतात. बाकाची किंमत एका एमआरआयपेक्षा फार नसेल, पण एका बाकावर वर्षाला किती गुडघे विसावतात!

म्हणून नागरिक म्हणून मागायला शिका. महापालिकेच्या 'सारथी'वर तक्रार नोंदवता येते. रस्त्यावरचा दिवा बंद आहे, झाकण उघडं आहे, फूटपाथवर राडारोडा आहे, हे कळवणं हासुद्धा मला एक छंदच वाटतो आणि निवृत्त माणसांइतकं चिकाटीने ते कोणी करत नाही. सोसायटीच्या सभेला जा. भांडण झालं तरी चालेल, माणसं भेटतात.

आपल्या चिंचवडला याचा एक जुना धडाही आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. साथ आटोक्यात आणायचं काम रँडकडे होतं. घरात घुसून झडत्या, माणसांना सक्तीने उचलून नेणं, देवघरापर्यंत जाणारे सोजीर, यामुळे लोक संतापले. २२ जून १८९७ च्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. आपण हा इतिहास देशभक्तीच्या नजरेने वाचतो आणि ते योग्यच आहे. डॉक्टर म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रोग कितीही भयंकर असो, लोकांना परकं मानून आरोग्य लादता येत नाही. ते शेजाराने, विश्वासाने आणि लोकांच्या सहभागानेच टिकतं. चापेकर चौकातून तुम्ही रोज जाता. एकदा मुलांना घेऊन चापेकर वाड्यात जाऊन या.

आनंदात भान ठेवा

मजा करताना काही काळजी घ्यायलाच हवी.

- आवाज : ८५ डेसिबलचा आवाज कान साधारण आठ तास सहन करतो. दर ३ डेसिबल वाढले की हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. डीजेच्या भिंतीसमोर किंवा पथकात ढोलाशेजारी उभे राहणार असाल तर कानात बोळे घाला. साध्या कापसाने भागत नाही, फोमचे इअरप्लग घ्या. लहान बाळांना तिथे नेऊ नका. गेलेले कान परत येत नाहीत.
- पाय : मधुमेहींनी पालखीत अनवाणी चालू नये. संवेदना कमी झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, जखम आठवड्याने कळते.
- श्वास : दमा असेल तर धूर, फटाके, गुलाल यांपासून लांब राहा आणि पंप खिशात ठेवा.
- गोड : प्रसाद घ्या, ताटभर घेऊ नका.
- झोप : नाईट शिफ्ट करणाऱ्यांनी झोप मोडून कार्यक्रम करू नये. साप्ताहिक सुट्टीची एक संध्याकाळ राखून ठेवा, तेवढी पुरे.

हे औषध कुठे पुरणार नाही

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, जगू नये असे विचार येतात, तर याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला "जरा बाहेर पड, मन रमव" असं सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाला "जरा चाल" म्हणण्यासारखं आहे. आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. छातीत दुखणं, चालताना दम लागणं, वजन घटणं यांचीही आधी तपासणी करा. "रिपोर्ट नॉर्मल" हे तपासणीनंतरच म्हणता येतं.

माझी चिठ्ठी

१. रोज एकदा घराबाहेर, निदान अर्धा तास, पायी. आठवड्याला दीडशे मिनिटांचं चालणं यातच भागतं.
२. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांना भेटणं. भजनी मंडळ, कॅरम, हास्यक्लब, वाचनालय, काहीही चालेल. वेळ ठरलेली हवी. "कधीतरी भेटू" हा डोस लागू पडत नाही.
३. महिन्यातून एक कार्यक्रम, तोही सभागृहात किंवा मैदानात जाऊन.
४. एखादं काम असं, ज्यात तुम्ही गेला नाहीत तर चार लोक विचारतील, "आज का आला नाहीत?"

यातलं चौथं मला सर्वात प्रभावी वाटतं. प्रेक्षक म्हणून माणूस एखादवेळी चुकवतो. खुर्च्या मांडायची जबाबदारी असली की चुकवत नाही.

त्या काकांचं काय झालं, ते सांगतो. बोलता-बोलता कळलं की तरुणपणी त्यांनी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत कामं केली होती. मग ओव्हरटाइम, घराचे हप्ते, मुलाचं इंजिनिअरिंग, सगळं सुटलं. मी चिठ्ठीवर लिहिलं, "महिन्यातून एक नाटक." त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मला विचारलं, "डॉक्टर, तुम्ही शेवटचं नाटक कधी पाहिलंत?"

मला आठवेना. सहा-सात वर्षं तरी झाली असावीत. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण ते ओळखून हसले. माझ्याकडे यायला लागल्यापासून पहिल्यांदाच.

त्या गणपतीत त्यांच्या सोसायटीने मुलांची एकांकिका बसवली. काका प्रॉम्प्टिंगला बसले. गुडघ्यांमुळे विंगेत उभं राहवत नव्हतं, म्हणून स्टूल घेतलं. बीपीची गोळी चालूच आहे. कधीकधी रात्री तीनला जागही येते. धडधडीसाठी मात्र ते आता येत नाहीत. आले तर तालमीच्या वेळा सांभाळून अपॉइंटमेंट मागतात.

आणि मी? महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळची ओपीडी बंद ठेवायला लागलो आहे. दारावर तशी पाटी आहे. त्या दिवशी तातडीचं काही असेल तर फोन करा. मध्यंतरात उचलेन.